शिशीवरचं नाव

मुंबई, १० मार्च १९७७

भाऊजींना दौलतचा जयभीम.

तुम्ही सुखरूप पोचलात हे ताईच्या कार्डावरून कळलं. तिने तुमच्या तब्येतीबद्दल एक ओळ आणि कामरगावच्या उन्हाबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत, म्हणजे तुम्ही ठीक असणार.

निघताना डॉक्टर जे सांगत होते ते तुम्ही मान डोलावून ऐकलंत, पण कानात गेलं नाही असा माझा संशय आहे. म्हणून पुन्हा लिहितो. तुमच्या मूत्राशयातली गाठ लघवीच्या वाटेने नळी घालून खरवडून काढली आहे. गाठ कॅन्सरची होती, हे तुम्हाला माहीत आहे. ही जात हट्टी असते, काढली तरी पुन्हा उगवते आणि उगवताना दुखत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी इथे यायचं आणि दुर्बिणीची नळी घालून आत बघू द्यायचं. यात सूट नाही.

आता रक्ताचं. आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टरांचा एक प्रयोग चालू आहे. अशा रोग्यांच्या रक्तात एक पदार्थ वाढतो का, आणि ऑपरेशननंतर तो उतरतो का, हे ते मोजतात. ऑपरेशनच्या आधी तुमचा आकडा नऊ होता, नंतर दोनवर आला. डॉक्टर खूश आहेत. शिशीवर नावाची चिठ्ठी मी चिकटवतो, त्यामुळे मीही खूश आहे. पण डॉक्टर स्वतःच म्हणतात की ही तपासणी अजून पहिलीच्या वर्गात आहे, तिच्या भरवशावर कोणी राहू नये.

बिडी बंद म्हणजे बंद. तुमच्या दादांनाही सांगा, तुमच्यासमोर ओढू नका म्हणावं.

तुमचा एकुलता एक साळा,
दौलत


कामरगाव, २ एप्रिल १९७७

दौलतराव, जयभीम.

पत्र मिळाले. चौथीत मी तुला शिकवले तेव्हापासून तुझे अक्षर सुधारले नाही, पण मजकूर समजला.

नळीबद्दलचे माझे मत मी डॉक्टरांना टेबलावरच ऐकवले होते. ते वऱ्हाडीत असल्यामुळे त्यांना कळले नसावे. माणसाने जन्मभर ज्या गोष्टी धोतराच्या आत ठेवल्या त्या चार शिकाऊ पोरांसमोर दिव्याखाली उघड्या करायच्या, वर एकाने विचारायचे, "गुरुजी, आरामात आहात ना?" मी आरामात नव्हतो.

तुझ्या रक्ताच्या तपासणीबद्दल मात्र मला आदर वाटतो. दंडाला रबर बांधतात, काम होते, धोतर जागेवर राहते. तू तिला पहिलीच्या वर्गातली म्हणतोस. मी इतकी वर्षे शिकवतो आहे, शाळेत खरे बोलणारी मुले फक्त पहिलीत असतात.

तेव्हा माझे असे ठरले आहे. मे महिन्यात रक्त इथूनच पाठवतो. इथला कंपाउंडर लखीराम सुई टोचण्यात तयार आहे. बर्फ कारंज्याहून येईल. थर्मास देवमनदादा मूर्तिजापूरला नेऊन तुझ्या त्या मेलगाडीतल्या ओळखीच्या माणसाकडे देईल. आकडा चांगला आला तर नळीचा प्रश्न उरत नाही.

बिडी सोडली. उरलेली बंडले दादाने नेली. "कायले फेकतं? मी पाह्यतो त्याइचं," म्हणाला. आता तो स्वतःच्या आणि माझ्या, दोघांच्या वाटच्या ओढतो.

तुझी बहीण म्हणते, "अंगात रगत राह्यलंच किती, आन तेही बंबईले पाठवा." तिला मी विज्ञान समजावले. ती अर्ध्यातून उठून गेली.

उकंडराव


मुंबई, ६ जून १९७७

भाऊजींना जयभीम.

थर्मास पोचला, रक्त चांगल्या स्थितीत होतं. आकडा दोन. अभिनंदन.

डॉक्टरांना मी तुमची अट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, आकडा चांगला असला तरी नळी घालायचीच. काही गाठी रक्ताला पत्ताच लागू देत नाहीत. त्यांनी अजून मोजक्याच रोग्यांचं रक्त तपासलंय, त्यावरून कोणाला घरी बसवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तारीख बावीस जूनची दिली आहे. शाळा सुरू व्हायच्या आत उरकून जाल.

भाऊजी, हे मी साळा म्हणून नाही, प्रयोगशाळेतला माणूस म्हणून लिहितो. या.

दौलत


कामरगाव, १८ जून १९७७

दौलतराव, जयभीम.

आकडा दोन आल्याचे वाचून समाधान वाटले. दादाने गावभर सांगितले. ग्रामपंचायतीपाशी एकाने विचारले, दोन म्हणजे शंभरातले दोन का? तर दादा म्हणाला, "याच्यात जेवढे कमी तेवढे चांगले. आपल्या शाळेतल्यासारखं नाई."

बावीसला येणे जमणार नाही. पास झालेल्या मुलाला त्याच पेपरला पुन्हा बसवण्याची पद्धत मी तरी कुठे पाहिली नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त पाठवतो.

डॉक्टरांना माझा नमस्कार आणि नळीला नकार कळवणे.

उकंडराव


मुंबई, ५ सप्टेंबर १९७७

भाऊजी,

आज थट्टा नाही. ऑगस्टच्या रक्ताचा आकडा आठ आला आहे. मी दुसऱ्यांदा लावायला सांगितला, पुन्हा आठ. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते म्हणाले, याचा अर्थ गाठ परत आली असणार, आणि या वेळी बहुतेक खोल गेली असणार. तसं निघालं तर अख्खं मूत्राशय काढून पोटाला पिशवी लावावी लागेल.

ताईला सांगू नका. दादांना सोबत घ्या आणि मिळेल त्या गाडीने निघा. खाट मी धरून ठेवली आहे. जूनमध्ये तुम्ही आला असता तर, असं मी म्हणणार नव्हतो, पण म्हणतो.

दौलत


कामरगाव, ११ सप्टेंबर १९७७

दौलतराव, जयभीम.

आकडा कळला. माझी प्रकृती उत्तम आहे. लघवी स्वच्छ आहे. त्या आकड्याची तू काळजी करू नये, मी करत नाही. शाळेत सहामाही परीक्षा आहे. खाट दुसऱ्या गरजूला द्यावी.

उकंडराव


मुंबई, १७ सप्टेंबर १९७७

भाऊजी,

तुमचं कार्ड मी डॉक्टरांना वाचून दाखवलं नाही. मला लाज वाटली.

काळजी करत नाही म्हणजे काय? माणसं अशा आकड्याने हादरतात, आणि तुम्ही सहामाही परीक्षा घेत बसलात! ऑपरेशनच्या आधीपासून तुमच्या नावाची प्रत्येक शिशी मी स्वतः हाताळतो आहे. इतरांच्या शिश्या मला नुसत्या शिश्या दिसतात. तुमची हातात आली की मला ताई दिसते. तुम्हाला काही झालं तर मी तिला काय तोंड दाखवू?

नीट ऐका. असा आकडा कोणाच्याही रक्तात आला, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या आला, तरी आम्ही त्याला घरी बसू देणार नाही. मूत्राशय नसेल तर आतडं असेल, फुप्फुस असेल, कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असू शकतं. तुम्ही आला नाहीत तर मी रजा टाकून न्यायला येतो.

दौलत


कामरगाव, २३ सप्टेंबर १९७७

दौलतराव,

तुझ्या पत्रातले "कोणाच्याही रक्तात" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मग शाळेला निरोप पाठवून घरी बसलो.

तो आकडा माझा नाही. तू घाबरू नकोस. आता मी घाबरलो आहे.

झाले ते असे. ऑगस्टमध्ये मला हिवताप येऊन गेला होता. लखीरामने दोन्ही हात टोचून पाहिले, शीर सापडेना. थर्मासमधला बर्फ पाणी होत चालला होता आणि मूर्तिजापूरची एसटी हॉर्न देत होती. दादा थर्मास न्यायला उभा होता. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि म्हणाला, "माह्यं घे न बाप्पा. एकाच मायचं दूध पेलो, रगत काय येगळं राह्यते?" लखीरामने घेतले. शिशीवर माझे नाव आधीच लिहिलेले होते.

मी नको म्हणालो नाही, कारण आमच्यात हे नवे नाही. बहात्तरच्या दुष्काळात धनजच्या रस्त्याच्या कामावर दादाला ताप भरला, तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्या जागी बसून खडी फोडली. हजेरी त्याची, हात माझे. मुकादमाने तक्रार केली नाही. खडी कोणी फोडली हे खडीला कळत नाही. त्याच हिशेबाने मला वाटले, चांगला आकडा आला म्हणजे तुझे डॉक्टर गप्प बसतील आणि नळी टळेल. दादासारखा धडधाकट माणूस, त्याचा आकडा वाईट येईल कसा?

आठ आला तेव्हा पहिल्यांदा मला बरेच वाटले, की चला, हा माझा नव्हे. तेवढ्यावर मी तुला ते कार्ड टाकले. एवढी वर्षे मुलांना शिकवतो, पण कोणाचा आहे हा पुढचा प्रश्न मला तुझ्या पत्रापर्यंत पडला नाही.

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दादाने शाळा सोडली म्हणून मी शिकलो. त्याला काही झाले तर मला जगण्यात रस नाही, हे तुला लिहून ठेवतो. काय करू ते लवकर कळव.

उकंडराव


मुंबई, २९ सप्टेंबर १९७७

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून आधी मी संतापलो, मग घटकाभर जिन्यात बसून राहिलो. खडी आणि रक्त यांत फरक आहे हे तुम्हाला कोणी सांगायचं? तुमचं नाव डॉक्टरांच्या वहीत आहे, ते आकडे परिषदेत वाचले जाणार आहेत. त्यात देवमनदादा कुठून आले?

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग एवढंच विचारलं, "हा भाऊ करतो काय?" मी म्हटलं, शेती. ते म्हणाले, "दोघांनाही घेऊन ये."

दादांच्या छातीचा एक्स-रे, पोट, सगळं तपासायचं आहे. तुमची नळीही आहे. या वेळी बदली चालणार नाही.

दौलत


कामरगाव, ८ ऑक्टोबर १९७७

दौलतराव, जयभीम.

दादाला सांगितले. तो बैलांना पाणी पाजत होता. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "शिशीवर नाव कोनाचं व्हतं?"

म्हटले, माझे.

"मंग बिमारी तुही हाये. तू जाय."

मी त्याला रक्ताचे शास्त्र समजावले. तो म्हणाला, "हजेरी ज्याच्या नावानं, मजुरी त्याची. बहात्तरमंधी तू खडी फोडली, पैसे मी घेतले ना? मंग आता तू घे." मीच तुला लिहिलेला हिशेब त्याने माझ्या पदरात घातला.

दोन दिवस मी त्याच्या मागे शेतात फिरलो. हात जोडले. शेवटी ओरडलो. मोठ्या भावावर जन्मात पहिल्यांदा ओरडलो आणि तिथेच बांधावर रडू आले. दादा बिडी विझवून जवळ बसला. म्हणाला, "रडू नको. मी येतो. पन पयले तू त्या नळीखाली झोपशील. तू भेतं, मले मालूम हाये. तू झोपला की मंग मी, काय तपासाचं ते तपासा."

म्हणजे नळी मला चुकत नाही. त्याच्यासाठी मी ती रोज घालून घेईन.

दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. तिकडून परतलो की लगेच निघतो. खाट धर. या वेळी दोन.

उकंडराव


मुंबई, ६ नोव्हेंबर १९७७

ताईला दौलतचा जयभीम.

हे पत्र तू स्वतः वाच, कोणाला वाचायला देऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, घाई करू नकोस.

आधी दादा. त्यांना काहीही झालेलं नाही. छाती पाहिली, पोट पाहिलं, आतडी पाहिली, चार डॉक्टरांनी पाहिलं. आकडा त्यांचाच होता आणि तो बिडीचा होता. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात हा पदार्थ उगाचच वाढतो. डॉक्टरांना हे ठाऊक होतं, पण तेवढ्यावर भरवसा ठेवायला ते तयार नव्हते. दिवसाला किती ओढता असं विचारलं तर दादा म्हणाले, "माह्या का उकंडाच्या?"

आता भाऊजी. ताई, घाबरू नकोस, बसून वाच. कबूल केल्याप्रमाणे ते आधी नळीखाली झोपले. आत नवी गाठ निघाली. ज्वारीच्या दाण्याएवढी. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ती खरवडून काढली. खोल गेलेली नव्हती, मूत्राशय शाबूत आहे, पिशवी लागणार नाही. अजून वर्षभर ते आले नसते तर मला हे पत्र लिहिता आलं नसतं.

आणि ऐक. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या हातातून, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांचं स्वतःचं रक्त घेतलं. आकडा दोन. गाठ आत बसलेली आणि आकडा दोन! म्हणजे ऑगस्टमध्ये लखीरामला त्यांची शीर सापडली असती, तर मी पुन्हा अभिनंदनाचं पत्र टाकलं असतं आणि भाऊजी घरीच राहिले असते. दादांनी बाही वर केली म्हणून ते जगले.

डॉक्टर आता म्हणतात, आधीचा नऊचा आकडाही गाठीचा होता की बिडीचा, कोण जाणे. प्रयोगातून त्यांनी भाऊजींचं नाव खोडलं आहे. मी दादांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तं पयलेच सांगतलं व्हतं, रगत एकच हाये." मी वाद घातला नाही. तू पण घालू नकोस.

दौलत


कामरगाव, १९ फेब्रुवारी १९७८

दौलतराव, जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. या खेपेला नळी घातली तेव्हा आत काही सापडले नाही, हे तुला माहीत आहेच. आता मे महिन्यात. तारीख मी स्वतः मागून घेतली. लखीरामला सांगून टाकले आहे की माझ्या हाताला आता सुट्टी.

दादाने बिडी सोडली. त्यामुळे तो चिडचिड करतो आणि बैल त्याच्यापासून लांब राहतात. तुझ्या बहिणीने त्याला बडीशेप दिली. तो ती बिडीसारखी कानामागे ठेवू पाहत होता, जमले नाही.

या खेपेची एक गोष्ट तुला तिथे सांगायची राहिली. तू आमचा चहाचा थर्मास धुवायला गेला होतास, तेव्हाची. मला टेबलावर झोपवले होते. तेच शिकाऊ पोर "गुरुजी, आरामात आहात ना" म्हणून गेले होते. मी छताकडे बघत, दात आवळून पडलो होतो. पडद्यापलीकडे दादा डॉक्टरांशी बोलत होता. आपल्या मते तो हळू बोलत होता.

"डाक्टरसाहेब," तो म्हणाला, "याले लय भेव वाटते नळीचं. लायनपनापासून भेकड हाये. रगताचं चुकलं, ते समजलं मले. पन नळी तं नळीच हाये ना? थे माह्यात टाकली तं नाई चालत का?"

डॉक्टर काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने ते पडदा सारून आत आले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, फार दुखतंय का?"

मी हो म्हणालो. नळी अजून त्यांच्या हातातच होती.

उकंडराव